साप चावला की नुसता डॉक्टर पुरत नाही

धानाचं रोवणं सुरू झालं की रामटेक, मौदा, पारशिवनीकडच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) साप चावलेले पेशंट यायला लागतात आणि आपण सगळे एकच विचारतो, डॉक्टर आहे का? डॉक्टर पाहिजेच, पण हा जीव एकट्या डॉक्टरच्या हातात नसतो.

घोणसच घ्या. तिच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची टेस्ट एकदम साधी, 2 मिली रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग ट्यूब तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय, अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करा. पण ट्यूब प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली असली तर धडधाकट माणसाचंही रक्त पातळ राहू शकतं, कारण इथं गोठायची क्रिया स्वच्छ काचेला लागूनच सुरू होते. म्हणजे ट्यूब धुणाऱ्या मावशीसुद्धा निदानात आल्या! त्यांना हे कोणी समजावून सांगतं का? मला तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

मण्यारचं आणखी वेगळं. रात्री खाली झोपलेल्याला चावते, खूण बरेचदा दिसतच नाही, पहाटे पोट दुखतं, घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, मग पापण्या मिटायला लागतात आणि पुढे श्वास अडकतो. अशा वेळी आशाताईंचं "सर, हा काल जमिनीवर झोपला होता" एवढं एक वाक्य फार मोलाचं, फक्त ते ऐकून घेणारं कोणी पाहिजे.

अँटीव्हेनमच्या सुरुवातीला साधारण 10 व्हायल (छोट्या बाटल्या) देतात. त्याची रिॲक्शन येऊन अंगावर पित्त उठलं, बीपी पडला तर ते आधी सिस्टरच्या लक्षात येतं, म्हणून ॲड्रेनलिनचं (अशा रिॲक्शनवरच्या औषधाचं) इंजेक्शन भरून ठेवायचं आणि रिॲक्शन दिसली की सलाईन थांबवून लगेच आवाज द्यायचा. "डॉक्टर काय म्हणतील" म्हणून सिस्टर घुटमळल्या तर पेशंट जाऊ शकतो.

डब्ल्यूएचओनं 2010 मध्येच सांगितलं की वेगवेगळ्या आरोग्य शाखांच्या लोकांनी एकत्र शिकावं, एकत्र काम करावं. आपल्याकडे नर्सिंग, एमबीबीएस, लॅबवाले बहुतेक वेगवेगळेच शिकतात आणि मग एकदम नाईट ड्युटीला भेटतात.

जूनच्या आधी प्रत्येक पीएचसीत एक दुपार सराव करा ना, आशाताई, मावशी, लॅबवाले, 108 चा ड्रायव्हर सगळे धरून. नागपूरला मेडिकलमध्ये (मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पाठवायच्या चिठ्ठीवर चावल्याची वेळ, ट्यूबचा रिझल्ट, किती व्हायल किती वाजता दिल्या हे कोण लिहिणार, तेही तिथंच ठरवून टाका.