काकवी, क्ष-किरण आणि सीलबंद पिशवी

काहिलीतला रस उकळायला लागला की गुळव्या दुसरीकडं बघत नाही. भेंडीचं पाणी टाकायचं, वर आलेली मळी झाऱ्यानं काढायची, आणि मग नुसतं बुडबुड्यांकडं लक्ष. रस दाटत जातो. अजून गूळ झालेला नसतो, पण रसही राहिलेला नसतो, अशा वेळी जी उतरवतात ती काकवी. थर्मामीटर लावला तर साधारण १०५ अंश सेल्सियस दाखवेल. गुळासाठी पुढं ११८ च्या आसपास जावं लागतं. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. पळीवरनं पडणारी धार बघतो, दोन बोटांत तार धरून बघतो आणि सांगतो, “उतरवा.”

कोल्हापूरजवळच्या वडणग्याच्या अशाच एका गुऱ्हाळावरनं माझ्या भाच्यानं अर्धा लिटर काकवी बाटलीत भरून घेतली. पोरगं शिकायला मँचेस्टरला निघालेलं. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं, बाटली खांद्यावरच्या बॅगेत. दुसऱ्या दिवशी विमानतळावरनं फोन.

“मामा, काकवी काढून घेतली की ओ! म्हटलं, उसाचा रस आटवलाय, दुसरं काय नाही. ऐकतंय कोण?”

अडवणाऱ्याची चूक नव्हती. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरची किंवा त्याहून लहान, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत मावणाऱ्या, हा नियम आहे. पण आत ऊसच आहे हे समोरच्या यंत्राला का कळलं नाही, हा प्रश्न मात्र भाच्याचा बरोबर होता.

बॅगा तपासणारं यंत्र वस्तू बघत नाही, तिची सावली बघतं. क्ष-किरण एका बाजूनं शिरतात, वाटेत जे लागेल ते त्यांतले काही गिळतं, उरलेले पलीकडं पोचतात. किती गिळले गेले हे वस्तू किती दाट आणि जाड आहे यावर ठरतं, शिवाय तिच्यातले अणू किती जड आहेत यावरही. म्हणून कमी आणि जास्त ऊर्जेचे असे दोन तऱ्हेचे किरण वापरतात. कमी ऊर्जेचे किरण जड अणूंपाशी फार अडतात, जास्त ऊर्जेच्या किरणांना त्याचं तितकं सोयरसुतक नसतं. दोन सावल्या ताडून पाहिल्या की अणूंचा अंदाज येतो आणि पडद्यावर रंग भरले जातात. लोखंड-तांबं निळं, कार्बन-ऑक्सिजनचा माल नारिंगी, मधलं हिरवं. सुरी त्यात लगेच उठून दिसते. पण साबण, कपडे, भाकरी, काकवी आणि बहुतेक स्फोटकं, ही सगळी नारिंगीच.

त्यात सावलीची आणखी एक खोड. पातळ द्रवाची रुंद बाटली आणि दाट द्रवाची अरुंद बाटली यांची सावली सारखीच गडद पडू शकते. बरं, घनता नेमकी कळली असं धरू. पाण्याची घनता १. काकवीची, साखर किती आटली त्याप्रमाणे, १.३ ते १.४. आणि शुद्ध हायड्रोजन पेरॉक्साइडची १.४५, त्यात थोडं पाणी असलं की ते थेट काकवीच्या पंगतीला येऊन बसतं.

पेरॉक्साइडचं नाव मुद्दाम घेतलं. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघड केला. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून पेरॉक्साइडवर आधारित द्रव स्फोटकं न्यायची, असा बेत होता. त्या दिवशी ब्रिटनमध्ये हातातलं जवळपास सगळं सामानच बंद झालं. लहान बाळाचं दूधसुद्धा सोबतच्या माणसानं चाखून दाखवायचं. पुढं सप्टेंबरात अमेरिकेनं, ६ नोव्हेंबरला युरोपीय संघानं थोडी सूट देत १०० मिलिलिटरची मर्यादा आणली, आणि मार्च २००७ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनं ती जगभर पसरली.

हा धोका तेव्हा पहिल्यांदाच कळला असंही नाही. २९ नोव्हेंबर १९८७ ला कोरियन एअरचं ८५८ क्रमांकाचं विमान पडलं, ११५ माणसं गेली. रेडिओत लपवलेल्या स्फोटकाच्या जोडीला दारूच्या बाटलीत द्रव स्फोटक होतं. ती बाटली वर ठेवून दोघं हस्तक अबू धाबीला निवांत उतरून गेले होते. ११ डिसेंबर १९९४ ला फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात स्फोट होऊन एक प्रवासी मेला. तिथं नायट्रोग्लिसरीन आणलं होतं कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याच्या बाटलीतून. एवढं होऊनही नियम यायला २००६ उजाडलं.

मग १०० च का? ही भौतिकशास्त्रातली काही पवित्र संख्या नव्हे, तडजोड आहे. यंत्राला द्रव ओळखता येत नाही ना, मग निदान तो इतका थोडा असू दे की मोठं नुकसान करणं अवघड जावं. आणि मोजमाप आतल्या द्रवाचं नाही, बाटलीचं. २०० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये तळाला चमचाभर क्रीम उरलं असलं तरी ती जाते कचऱ्यात. लोक यावर फार हुज्जत घालतात. पण बाटलीवरचा आकडा तपासणाऱ्याला एका नजरेत वाचता येतो, आतला द्रव तो कशानं मोजणार?

ड्यूटी फ्री दुकानाची गंमत इथनं सुरू होते. तपासणीच्या अलीकडं पाणी टाकून द्यायचं आणि दहा पावलं पलीकडं लिटरभर व्हिस्की विकत घ्यायची, हे ऐकायला विनोदी वाटतं. पण त्या दुकानातला माल तपासलेल्या वाटेनंच आत येतो, तेव्हा बाटली तपासणीतनं सुटलेली नसते, तिची तपासणी आधीच झालेली असते. अडचण येते ती मधे विमान बदलताना. दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ट्रे, पुन्हा यंत्र. तिथल्या माणसानं बाटली दुकानात घेतली की घरनं आणली हे कसं ओळखायचं? सुरुवातीच्या काळात तो ओळखायच्या भानगडीत पडतच नसे, काढून घेई.

त्यावर तोडगा निघाला तो लाल काठाच्या पारदर्शक पिशवीचा. बाटली आत, पावती आत पण बाहेरून वाचता येईल अशी, आणि वर चिकटपट्टीचं सील. ही पट्टी सोलायला गेलं की तिच्यातला रंगाचा थर फाटतो, आणि पुन्हा कितीही नीट चिकटवली तरी उघडल्याची खूण राहते. पावतीवरची तारीख आणि विमानतळ बघून पुढचा माणूस ठरवतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली ही सगळ्यात हुशार चीज आहे. द्रव ओळखता येत नाही, तर त्याच्याभोवतीचा विश्वास तरी ओळखू या. पोस्टाच्या लाखेच्या मोहरेचं तत्त्व ते हेच.

आमच्या भाच्यानं हेही शिकून घेतलं, फी भरून. सुट्टीला येताना माझ्यासाठी एक बाटली घेतली, विमानात बसल्यावर पिशवी बॅगेत मावेना म्हणून फाडली आणि बाटली टी-शर्टात गुंडाळून ठेवली. मधल्या विमानतळावर ती राहिली. पावती दाखवून उपयोग नव्हता. पावती सांगते बाटली कुठं घेतली. नंतर तिच्यात काय झालं हे फक्त सील सांगतं.

द्रव खरोखर ओळखायचा तर सावली सोडून रेणूपर्यंत जायला हवं, आणि तिथली वाट निघते कोलकात्यातून. २८ फेब्रुवारी १९२८. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन द्रवांत प्रकाश सोडून बघत होते. साठेक साधे द्रव त्यांनी तपासले. द्रवातून विखुरलेला बहुतेक प्रकाश आपल्या मूळ रंगानंच बाहेर येतो, पण कोटीतला एखादा प्रकाशकण रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडनं घेऊन, किंचित रंग बदलून येतो. किती बदलला हे त्या रेणूतल्या बंधांवर ठरतं. शाळेत विज्ञान दिनाला आपण रांगोळ्या काढतो त्या याच दिवसाच्या.

आता पाणी आणि पेरॉक्साइड शेजारी ठेवू. पाण्यापेक्षा पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा एक अणू जास्त, बस. सावलीला हा फरक नगण्य. पण त्यामुळं दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडले जातात, आणि ही जोडी पाण्यात नाही, साखरेत नाही, म्हणून काकवीतही नाही. तो बंध कमकुवत असतो, ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या साधारण एक तृतीयांश ताकदीचा. पेरॉक्साइडचा उतावीळपणा त्यातनंच येतो. आणि रामनच्या प्रकाशात नेमका तोच बंध ठळक रेघ उमटवतो.

बाटलीच्या काचेचा किंवा प्लास्टिकचा स्वतःचा प्रकाश मधे येतो, त्यावरही युक्ती आहे. तळहाताला टॉर्च टेकवा. टॉर्चच्या आजूबाजूची कातडीही लाल उजळते. तो प्रकाश आत मांसातून भटकून आलेला असतो. तसंच लेझर बाटलीच्या एका ठिपक्यावर मारायचा आणि प्रकाश गोळा करायचा काही मिलिमीटर बाजूनं. बाजूचा प्रकाश जास्त करून खोलातला. दोन्हींची वजाबाकी केली की बाटली गळून पडते, द्रव उरतो. ब्रिटनमधल्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत ही पद्धत विकसित झाली. ३१ जानेवारी २०१४ पासून युरोपीय संघानं सीलबंद पिशव्यांतली ड्यूटी फ्री बाटली, औषधं, बाळाचं अन्न यांची द्रव-तपासणी सुरू केली, तेव्हा अशी यंत्रं विमानतळांवर कामाला लागली. बाटली उघडावी लागत नाही. धातूच्या डब्यापुढं मात्र प्रकाशाचं काही चालत नाही. आणि काकवीसारखा काळपट, करपलेल्या साखरेचा द्रव लेझरखाली स्वतःच असा चकाकतो की रामनची अशक्त रेघ त्यात बुडून जाते. म्हणून डोळ्याला न दिसणारा अवरक्त लेझर वापरतात, त्यात ही चकाकी कमी होते.

दुसरी वाट सीटी स्कॅनची, दवाखान्यातलीच, जिच्यासाठी कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं. शेकडो बाजूंनी सावल्या घेतल्या की जाडी आणि घनता वेगवेगळ्या करता येतात. काही विमानतळांनी त्या जोरावर १०० मिलिलिटरची अट उठवली, आणि १ सप्टेंबर २०२४ ला युरोपीय संघानं ती तात्पुरती पुन्हा लागू केली. त्यामुळं एका विमानतळावर चाललं म्हणून पुढच्यावर चालेल असं समजू नये.

यंदा भाचा निघाला तेव्हा काकवी चेक-इन बॅगेत गेली. तिथंही भौतिकशास्त्र पाठ सोडत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. उडत्या विमानातला हवेचा दाब आठ हजार फुटांवरच्या दाबापर्यंत उतरू शकतो, आणि बाटलीत वर राहिलेली हवा जवळजवळ पाव हिश्शानं फुगू बघते. म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरली, झाकणाखाली प्लास्टिक घातलं, वर चिकटपट्टी, आणि सगळं दोन पिशव्यांत. तिथं पोचून त्यानं फोटो पाठवला. बाटली शाबूत, झाकण थोडं चिकट, शेजारचा एक मोजा गोड.