दोन साइट म्हणजे दुप्पट सुरक्षा?

व्हीसॅन म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणारं व्हीएमवेअरचं स्टोरेज सॉफ्टवेअर. त्याचा स्ट्रेच्ड क्लस्टर, म्हणजे दोन साइटवर (वेगळ्या जागच्या डेटा सेंटरवर) पसरलेला सर्व्हरचा गट, उभा केला की प्रत्येक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आपोआप दोन्ही साइटवर सुरक्षित होते, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. डेटा कुठे आणि किती प्रतींत राहणार हे क्लस्टर नव्हे, त्या व्हीएमला लावलेली स्टोरेज पॉलिसी, म्हणजे डेटा साठवण्याची नियमावली, ठरवते.

पॉलिसीत दोन वेगळे प्रश्न असतात. एक अख्खी साइट गेली तर? आणि साइटच्या आत एखादा होस्ट (सर्व्हर) किंवा डिस्क गेली तर? बरेच जण पहिल्याचं उत्तर ‘ड्युअल साइट मिररिंग’ (दोन्ही साइटवर तंतोतंत प्रत) असं देऊन थांबतात. मग प्रत्येक साइटवर एकेकच प्रत उरते. एक साइट बंद असताना दुसरीकडची नेमकी ती प्रत असलेली डिस्क गेली, तर खेळ खल्लास! साइटअंतर्गत संरक्षण व्हीसॅन ६.६ पासून मिळतं, पण ते फुकट नाही. १०० जीबीला नुसत्या मिररिंगला २०० जीबी लागतात, साइटच्या आत रेड-१ (पुन्हा पूर्ण प्रत) जोडलं तर ४००, आणि रेड-५ (३+१, म्हणजे डेटाच्या तीन भागांमागे दुरुस्तीसाठीचा एक जादा भाग) घेतलं तर साधारण २६७. त्या रेड-५ ला प्रत्येक साइटवर किमान ४ होस्ट हवेत.

उलट, जे ॲप्लिकेशन स्वतःच रेप्लिकेशन करतं, म्हणजे आपल्या डेटाची प्रत दुसऱ्या व्हीएमवर ठेवतं, त्याला मिररिंग कशाला? त्याची एकेक व्हीएम एकेका साइटला बांधा, आत स्थानिक संरक्षण ठेवा. डीआरएसचे (व्हीएम कोणत्या होस्टवर चालणार हे ठरवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सुविधेचे) नियमही त्याच साइटचे लावा. हे हमखास विसरलं जातं.

आणि हो, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून जाते.