डिसॉर्प्शन (धातूच्या कॅटलिस्टवरून वायू सुटणं)

धातूच्या कॅटलिस्टला (स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन वेगानं घडवणारा पदार्थ) चिकटलेला रेणू पृष्ठभाग सोडून परत वायूत जातो त्याला डिसॉर्प्शन म्हणतात. रिअ‍ॅक्शनची ही शेवटची पायरी, पण जागा रिकामी झाली नाही तर पुढचा रेणू बसणार कुठं.

रोजचं उदाहरण म्हणजे गाडीच्या सायलेन्सर लाईनमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. डिसेंबरात खानापूर-जांबोटीकडं पहाटे गाडी चालू केली की कार्बन मोनॉक्साइड थंड प्लॅटिनमवर दाटून बसतो, ऑक्सिजनला फुटून बसायला जागाच उरत नाही, त्यामुळं सुरुवातीचा धूर जवळजवळ तसाच बाहेर. बेळगावात एमिशन टेस्टला गाडी गरम करूनच लावा म्हणतात ते यासाठीच. ही अडवणूक शास्त्रज्ञ लँगम्यूरनं १९२२ मध्येच मांडली होती.

रेणू किती वेळ चिकटून राहतो ते बंधाची ऊर्जा आणि तापमानावर ठरतं. ऊर्जा १३० किलोज्यूल प्रति मोल आणि रेणूच्या एका कंपनाचा वेळ १० चा उणे १३ वा घात सेकंद धरला तर २७ अंश सेल्सिअसला सरासरी शंभर वर्षांच्या वर, २२७ ला साधारण ४ सेकंद, ३२७ ला सेकंदाचा पन्नासावा भाग.

वाद आहे तो या कंपनाच्या आकड्यावर. रेडहेड या शास्त्रज्ञाच्या १९६२ च्या पेपरपासून सेकंदाला १० चा १३ वा घात इतकी कंपनं हाच आकडा सोयीनं वापरला जातो, पण प्लॅटिनमवरच्या कार्बन मोनॉक्साइडसाठी बऱ्याच मोजमापांत तो कितीतरी मोठा येतो. कारण असं देतात की पृष्ठभागावर जखडलेला रेणू सुटताना फिरायला, सरकायला मोकळा होतो, म्हणजे एन्ट्रॉपी (हालचालीच्या शक्यतांचं माप) वाढते. हेच जास्त पटतं. शिवाय गर्दी वाढली की रेणू एकमेकांना ढकलतात आणि बंध ढिला होतो, म्हणून एकच आकडा सगळीकडं लावणं बरोबर नाही.

कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन मिळून तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडची तऱ्हा वेगळी, तो प्लॅटिनमला जेमतेम धरतो म्हणून तयार होताच उडतो, आणि बरेचसे रेणू पृष्ठभागाच्या तापमानाला हिशोबानं जेवढा वेग असायला हवा त्याहून जोरात, बहुतेक सरळ वरच्या दिशेनं जातात. ऱ्होडियमवर नायट्रोजनचे दोन अणू आधी जोडी करतात, मगच सुटतात.

हे बरंचसं सपाट, स्वच्छ क्रिस्टलवर मोजलेलं. कन्व्हर्टरमधले कण नॅनोमीटरचे, त्यांच्या कडांवर कार्बन मोनॉक्साइड जास्त घट्ट बसतो आणि उशिरा सुटतो.