एचसी वाढलं म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, असं नव्हे

पेट्रोलची गाडी धूर तपासणीत नापास झाली की हातात एक स्लिप येते. तिच्यावर बघण्यासारखे आकडे दोन: सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत, आणि एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, पीपीएममध्ये. यातला कुठलाही आकडा वर गेलेला असो, सल्ला मात्र ठरलेला: "मिक्स्चर रिच झालंय, जरा लीन करून घे." (मिक्स्चर म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण; रिच म्हणजे त्यात पेट्रोल जास्त, लीन म्हणजे कमी.) सीओसाठी हे ठीक आहे. एचसीसाठी हाच सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो आणि माणूस दुसऱ्यांदा, आधीपेक्षा वाईट आकड्यानं नापास होऊन परततो. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहून टाकतो.

सीओचं प्रकरण बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो आणि सीओ तयार होतो. तुंबलेला एअर फिल्टर, अडकलेला चोक, गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग), वाढलेलं फ्युएल प्रेशर ही नेहमीची मंडळी. इंजिन तापलेलं असतानाही 'थंड आहे' असं सांगणारा कूलंटचा तापमान सेन्सर लोक हमखास विसरतात. पेट्रोल मिसळून पातळ झालेलं इंजिन ऑइलही विसरतात. त्याची वाफ परत इंजिनातच ओढली जाते आणि सीओ वाढतो. ऑइल बदललं की कधी कधी तेवढ्यावरच काम भागतं.

आता एचसी. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. इथेच घोळ होतो. 'न जळलेलं बाहेर येतंय, म्हणजे जास्त झालं असणार' हे ऐकायला सरळ वाटतं. पण ठिणगीच पडली नाही, तर मोजूनमापून आलेलं पेट्रोलही आलं तसं निघून जाईल. चार सिलिंडरच्या इंजिनात एक प्लग (ठिणगी पाडणारा) मेला, तर त्या सिलिंडरच्या वाट्याचं, म्हणजे एकूण पेट्रोलचा चौथा हिस्सा, कच्चंच बाहेर. सीओ तयार व्हायला निदान आग लागावी तरी लागते. मेलेल्या सिलिंडरमध्ये आगच नाही, त्यामुळे तिथून सीओ येत नाही. म्हणून सीओ कमी, एचसी भरमसाट आणि (मशीन दाखवत असेल तर) ऑक्सिजनही जास्त असं चित्र दिसलं, तर मिक्स्चरला हात न लावता आधी प्लग, त्याला वीज पुरवणारी कॉइल आणि प्लगच्या वायरी बघायच्या. ते ठीक निघालं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायचं. टॅपेट फार आवळलेलं असेल (मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही) किंवा व्हॉल्व्ह जळला असेल, तरी हेच दिसतं.

दुसरं कारण याहून फसवं. मिक्स्चर फारच लीन झालं की ठिणगी पडूनही ज्योत सिलिंडरभर पसरत नाही, वाटेतच विझते. कार्ब्युरेटरच्या गाडीवर हे मशीनसमोर उभं राहून बघता येतं. मिक्स्चरचा स्क्रू लीनकडे फिरवत गेलं की सीओ उतरतो, एचसीही उतरतं. मग एका जागेपाशी एचसी मागे वळतं आणि चढू लागतं, सीओ मात्र खालीच राहतो. गाडी आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या चालू असताना, मिसिंग करते (मधेच एखादा सिलिंडर पेटत नाही), थरथरते. या टप्प्यावर असलेली गाडी 'अजून लीन' केली तर काय होणार ते उघड आहे. इंजेक्शनच्या गाडीत हेच काम फाटलेला व्हॅक्यूमचा पाइप करतो. कुठून तरी चोरून हवा शिरते. असा पाइप थोडक्या पैशांत बदलतो, पण तो शोधायचा सोडून लोक इंजेक्टर साफ करून घेत बसतात.

गोंधळात भर टाकतो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर. तो पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन बघतो. मेलेल्या सिलिंडरमधून पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही येतो. सेन्सरला वाटतं, इंजिन लीन चाललंय. तो तसं कळवतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, चांगल्या चालणाऱ्या सिलिंडरनाही. आता तिथे सीओ तयार होतो. स्लिपवर दोन्ही आकडे वर, आणि सगळे म्हणतात, "बघ, सांगितलं होतं ना, रिच आहे!" मुळात दोष ठिणगीचा. म्हणून दोन्ही आकडे वर असले तर माझा क्रम पक्का आहे: आधी इग्निशन, मग चोरटी हवा, त्यानंतर मिक्स्चर.

स्लिपवर विश्वास नसेल तर प्लग काढून बघा. कोरडी काजळी असेल तर रिच. पेट्रोलनं ओला असेल तर तो सिलिंडर पेटतच नाही. पांढुरका असेल तर लीनचा संशय घ्या. तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, आणि तेही एचसी वाढवतं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) थेट बदलायला सांगणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. कन्व्हर्टर खराब असू शकतो, नाही असं नाही. पण तो सहसा कशामुळे तरी मरतो. मिसिंग करणाऱ्या इंजिनातलं कच्चं पेट्रोल त्याच्या आत जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. माझ्या एका मित्रानं एचसी वाढलं म्हणून नवाकोरा कन्व्हर्टर बसवला, तडकलेली प्लगची वायर तशीच ठेवून. काही महिन्यांत तोही गेला. वायर बदलायला दहा मिनिटं लागली असती.

टाकीत ओतायच्या बाटल्यांबद्दल काही बोलत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री स्कॅनरनं कोड (कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाड) पुसणाऱ्यांना मात्र एवढंच सांगतो: कोडबरोबर कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. जिथे ते निकाल तपासतात, तिथे 'चाचणी अपूर्ण' म्हणून परत पाठवतात.

टू-स्ट्रोक गाडीला यातलं बरंचसं लागू नाही. तिच्यात ताजं मिश्रण जळलेल्या वायूबरोबर थोडं निसटतंच, त्यामुळे एचसी जन्मजात जास्त. डिझेलची तपासणी धुराच्या दाटपणाची असते, तो विषय वेगळा.

आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी एक फुकटचा उपाय. कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. घरापासून दोन मिनिटांवरच्या केंद्रावर थंड गाडी नेली असेल, किंवा रांगेत अर्धा तास इंजिन बंद ठेवून उभे राहिला असाल, तर दोन्ही आकडे उगाच वर दिसतात. वीसेक मिनिटं चांगली पळवून, इंजिन बंद न करता पुन्हा तपासा. तरीही एचसी वरच राहिलं, तर प्लगचा पाना काढा.