थोड्या प्रतींची कला: रेझिन फिगर किटची पार्श्वभूमी
फिगर किट म्हणजे सुटे भाग जोडून आणि रंगवून पात्राची मूर्ती तयार करण्याचा संच. रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या द्रव प्लॅस्टिकच्या, फिगर किटमध्ये भाग साबणाच्या पाण्याने घासून धुवावे लागतात, बारीक छिद्रे पुट्टीने बुजवावी लागतात आणि सांध्यांत पितळी तार बसवावी लागते. प्लॅस्टिकच्या किटमध्ये यांतले फारसे काही करावे लागत नाही. हा फरक कारागिराच्या हौसेतून आलेला नसून, ही किटे कोणी, कशी आणि किती संख्येने बनवली या इतिहासातून आलेला आहे.

अमेरिकेतील ऑरोरा कंपनीने १९६१ मध्ये फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचे पॉलिस्टायरीन या कठीण प्लॅस्टिकचे किट बाजारात आणले आणि प्लॅस्टिकच्या आकृती जोडून रंगवण्याचा छंद मुलांमध्ये झपाट्याने पसरला. मात्र असे किट पोलादी साच्यात तयार होते आणि तो साचा इतका महाग असतो की हजारो प्रती खपल्याखेरीज खर्च निघत नाही. शिवाय कठीण साच्याचे दोन अर्धे सरळ उघडावे लागत असल्यामुळे आत वळलेल्या कपड्यांच्या चुण्या किंवा मोकळे उडणारे केस एकाच तुकड्यात निघत नाहीत.

ही अडचण जपानमधील हौशी मंडळींनी १९८० च्या सुमारास सोडवली. चित्रपटांतील महाकाय राक्षस आणि ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांतील पात्रे त्यांना हवी तशी बाजारात मिळत नव्हती. त्यांनी मूळ शिल्प स्वतः घडवले, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेतला आणि दोन द्रव मिसळताच काही मिनिटांत घट्ट होणारे पॉलीयुरेथेन रेझिन त्यात ओतले. लवचिक साचा वाकवून काढता येत असल्याने खोल चुण्याही शाबूत उतरत. पण काही डझन प्रतींनंतर तो फाटू लागे. कमी प्रती आणि अधिक बारकावा हा या किटचा स्वभाव तिथेच ठरला, आणि घरगुती जागेत घडणाऱ्या या वस्तूंना ‘गॅरेज किट’ हे नाव पडले. ओसाका परिसरात १९६४ मध्ये छोटेसे मॉडेलचे दुकान म्हणून सुरू झालेले कायोडो आणि १९८२ मध्ये ओसाकातच उघडलेले दुकान जनरल प्रॉडक्ट्स ही या चळवळीतील ठळक नावे होत.

जनरल प्रॉडक्ट्सने १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू केलेला ‘वंडर फेस्टिव्हल’ हा अशा किटच्या प्रदर्शन-विक्रीचा मेळा १९९२ पासून कायोडोकडे आला. त्यातील एक व्यवस्था मला विशेष महत्त्वाची वाटते: पात्राचे हक्कधारक हौशी शिल्पकाराला केवळ त्या एका दिवसापुरती, त्या जागी विक्री करण्याची परवानगी देतात. एरवी बेकायदा ठरले असते असे काम त्यामुळे उजेडात आले आणि असंख्य शिल्पकारांना ग्राहक मिळाले.

किट जोडण्याच्या पायऱ्या याच ओतकामातून येतात. साचा सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर भागांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी धुणे. ओतताना अडकलेली हवा छिद्रे ठेवते, म्हणून पुट्टी. पॉलिस्टायरीन विरघळवून जोडणारा गोंद या रेझिनवर चालत नाही, त्यामुळे सुपरग्लू किंवा एपॉक्सी वापरतात. आणि भरीव भाग जड असल्याने आत तार घालतात. वाकलेला पातळ भाग गरम पाण्यात नरम करून सरळ करता येतो. घासताना उडणारी धूळ श्वासात जाणे घातक असल्यामुळे ओल्या पॉलिश पेपरने घासणे आणि मास्क लावणे या बाबतीत ढिलाई नको.

रंगकामाला दुहेरी वारसा आहे. सैनिकांच्या लघुमूर्ती रंगवणाऱ्यांकडून पातळ गडद रंग खाचांत सोडण्याची आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळण्याची रीत आली. बेल्जियमच्या फ्राँस्वा व्हर्लिंडन यांनी ती विशेष लोकप्रिय केली. ॲनिमे पात्रांच्या गुळगुळीत त्वचेसाठी मात्र हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशच्या हलक्या छटा अधिक शोभतात. दोन्हींत रंग नीट धरावा म्हणून प्राइमरचा थर आधी लागतो.

आता शिल्प संगणकावर घडते आणि अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या निराळ्या रेझिनमध्ये छापले जाते. घरी छापलेल्या आकृतीवर साच्याच्या जोडावर उमटणाऱ्या रेषेऐवजी छपाईच्या थरांच्या रेषा घासाव्या लागतात. पण अनेक शिल्पकार छापील प्रत केवळ मूळ नमुना म्हणून वापरून आजही सिलिकॉनच्या साच्यातच प्रती ओततात, आणि त्यांच्या किटला धुणे, छिद्रे बुजवणे व तार घालणे पूर्वीइतकेच लागते.