ऑक्सफर्डचा बाजार आणि तराजूची भानगड

ऑक्सफर्डला जाऊन आलेले लोक कॉलेजांचे फोटो टाकतात, बाजाराचा क्वचितच. पण माझ्या मते त्या गावाची गोष्ट बाजारापासूनच सुरू करायला पाहिजे, कारण कित्येक शतकं तिथे गल्ला गाववाल्यांचा आणि तराजूवर नजर विद्यापीठाची असा मामला होता.

आता हे झालं कसं, तर वाइनवरून. 10 फेब्रुवारी 1355. कारफॅक्स म्हणजे गावातला मधला चौक, तिथल्या स्विंडलस्टॉक नावाच्या गुत्त्यात दोघा विद्यार्थ्यांनी वाइन बेकार आहे म्हणून कुरकुर केली, मालक उलट बोलला, यांनी वाइन त्याच्याच तोंडावर फेकली, आणि मग जे पेटलं ते दोन-तीन दिवस विझलंच नाही. गाववाल्यांनी आपल्या चर्चची घंटा वाजवून माणसं गोळा केली, विद्यापीठवाल्यांनी त्यांच्या चर्चची. साधारण 63 विद्यापीठाचे आणि 30च्या आसपास गावातले लोक मेले. राजा तिसऱ्या एडवर्डने कौल दिला विद्यापीठाच्या बाजूने. पाव आणि बिअर कशी आहे ते बघायचं, वजनंमापं तपासायची, हे सगळं विद्यापीठाकडे. वर महापौराने दरवर्षी चर्चमध्ये जाऊन मेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पेनी ठेवायची, म्हणजे 63 पेन्स, आणि हा प्रकार चालला थेट 1825 पर्यंत! गुत्ता कधीच गेला, त्या जागी आता बँक आहे आणि भिंतीवर पाटी.

तेव्हा बाजार म्हणजे रस्ताच. उत्तरेकडच्या रस्त्यावर धान्य विकायचे म्हणून तो कॉर्नमार्केट, आज जी क्वीन स्ट्रीट आहे ती खाटकांची आळी. हाय स्ट्रीटवरही दुकानं मांडलेली, त्यामुळे चिखल, रक्त, आतडी, भाजीचा पाला सगळं कॉलेजांच्या दारात. अठराव्या शतकात हे कुणालाच नको झालं. 1771 मध्ये रस्ते सुधारायचा कायदा झाला, पुढच्या वर्षी बाजारासाठी कमिटी नेमली, आणि गंमत म्हणजे त्यात निम्मे लोक गावाचे, निम्मे विद्यापीठाचे. चार शतकांच्या भांडणानंतर फिफ्टी-फिफ्टी!

या कमिटीने खाटकांची 20 दुकानं बांधायला 916 पौंड 10 शिलिंगचा अंदाज मंजूर केला. डिझाइन जॉन ग्विनचं, गावातला मॉडलिन पूलही त्याचाच. 1 नोव्हेंबर 1774 ला कव्हर्ड मार्केट, म्हणजे हा छताखालचा बाजार, रीतसर उघडलं. त्याआधीच मांस फक्त आतच विकायचं असा नियम झाला होता, म्हणजे खाटकांना हौस होती म्हणून ते आत गेले असं अजिबात नाही. हाय स्ट्रीटवरून बघितलं तर सरळसाधी दुकानांची रांग दिसते, मध्ये बोळासारखी दारं, आत शिरलं की डोक्यावर लाकडी छत (हे नंतरचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं) आणि ख्रिसमसच्या आसपास खाटकाच्या दुकानाबाहेर पिसांसकट टांगलेले फेजंट पक्षी, कधी आख्खं हरीण. शाकाहारी माणसाने मान खाली घालून पुढे केकच्या दुकानाकडे जावं.

कॉर्नमार्केटचं नशीब मात्र वेगळं निघालं. 1999 मध्ये तिथे गाड्या बंद केल्या, तरी 2002 साली बीबीसी रेडिओच्या श्रोत्यांनी त्याला ब्रिटनमधला दुसऱ्या नंबरचा वाईट रस्ता ठरवलं. सगळ्या गावांत असतात तीच चेन दुकानं, हे माझंही गाऱ्हाणं. पण शिप स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मान वर करून बघा, चौदाव्या शतकातलं लाकडी चौकटीचं घर आहे, वरचे मजले रस्त्यावर झुकलेले, खाली दुकान. मालक कोण? विद्यापीठातलंच जीझस कॉलेज. तराजू गेला, भाडं राहिलं.

गाव आणि विद्यापीठाची रीतसर दिलजमाई झाली 1955 मध्ये, दंगलीला बरोबर 600 वर्षं झाल्यावर. महापौरांना मानद डिग्री दिली, कुलगुरूंना मानद नागरिकत्व.