ब्रेक वेळेवर दाबला तरी वळण का चुकतं

मे महिन्यातली दुपार, सोलापूर, बाहेर 43 डिग्री. भाचा पलंगावर लॅपटॉप ठेवून रेसिंग गेम खेळतोय आणि दर लॅपला एकाच वळणावर गाडी बाहेर जातीये. "मामा, ब्रेक वेळेवर दाबलं की ओ मी!" पोरगं खोटं बोलत नव्हतं, हे मला जरा उशिरा कळलं.

गेम म्हणजे शेवटी भराभर बदलणारी चित्रंच. सेकंदाला 30 चित्रं म्हणजे 30 एफपीएस, एक चित्र साधारण 33 मिलिसेकंद टिकतं, 60 ला तेच 17 च्या आसपास. आता गाडी ताशी 216 किलोमीटरने पळतीये असं धरा, म्हणजे सेकंदाला बरोबर 60 मीटर. 30 एफपीएसला दोन चित्रांच्या मधे गाडी 2 मीटर पुढे गेलेली असते, 60 ला 1 मीटर. वर बटण दाबलं की लगेच पुढच्याच चित्रात दिसतं असंही नाही, गेम, ग्राफिक्स कार्ड, स्क्रीन असं करत दोनतीन फ्रेम सहज जातात. तीन धरल्या तर 30 ला 6 मीटर गेले, 60 ला 3. हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणाला, एवढ्यात गाडी मातीत जाते.

मग पिक्चर 24 फ्रेमवर कसा चालतो? तिथं कॅमेऱ्यातच हालचाल थोडी पुसट होऊन येते, आणि मुख्य म्हणजे तिथं स्टिअरिंग आपल्या हातात नसतं.

बरं, उशीर ठरलेला असला तर डोकं जुळवून घेतं, ब्रेक जरा आधी दाबायची सवय लागते. त्रास होतो तो उशीर सारखा बदलला की. म्हणून मला 50 ते 90 मधे उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा 60 ला लॉक केलेला परवडतो. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा सरासरीचा असतो, मधेच एखादी फ्रेम 100 मिलिसेकंद अडकली तरी तो जेमतेम हलतो, पण गाडी तेवढ्यात 6 मीटर गेलेली असते.

गाडी कुठं, किती वेगात आहे याचं गेममधलं गणित मात्र चित्रापासून वेगळं चालवलेलं बरं. असेटो कोर्सा या रेसिंग गेममधे ते सेकंदाला 333 वेळा होतं, स्क्रीनवर काहीही चालू दे. उलट 2013 चा नीड फॉर स्पीड रायव्हल्स पीसीवर 30 ला बांधलेला होता, लोकांनी जबरदस्तीनं 60 केला तर अख्खा गेमच दुप्पट स्पीडनं पळायला लागला!

आता आमचा लॅपटॉप. तो होता चादरीवर, आपल्या सोलापुरी जाड चादरीवर, खालच्या जाळ्या पूर्ण बंद. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच स्पीड कमी करतो, थोडा गार झाला की वाढवतो, परत कमी, आणि फ्रेमही तशाच खालीवर. लॅपटॉप उचलून पाटावर ठेवला, मागच्या बाजूला दोन वह्या सारल्या, टेबलफॅन लावला. दहा मिनिटांत आकडा 60 वर बसला.

ते वळण निघालं. त्याच्या पुढच्या वळणावर गाडी भिंतीवर गेली, आणि भाचा पंख्याकडं बघायला लागला.